उलट जाणारा आयन : हिटॉर्फच्या अंकाचा इतिहास

१८३४ साली मायकेल फॅराडे यांना विद्युत् विच्छेदनाच्या वर्णनासाठी नवे शब्द हवे होते. केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांनी पत्रोत्तरी सुचविलेल्या संज्ञांत ‘आयन’ ही एक होती. ग्रीक भाषेत तिचा अर्थ ‘जाणारे’ असा आहे. संस्कृत ‘इ’ धातूचे ‘यत्’ हे रूप तिचे सख्खे भावंड होय, आणि ‘दक्षिणायन’ यातील ‘अयन’ही त्याच धातूपासून झालेले आहे, उसना असूनही हा शब्द मराठी कानास परका वाटत नाही, तो यामुळेच असावा. परंतु जाणारा कोणीकडे व किती जातो, याचा उलगडा शब्दाने केला नव्हता.

तो प्रश्न म्युन्स्टर येथील योहान विल्हेल्म हिटॉर्फ यांनी १८५३ ते १८५९ या काळात हाती घेतला. विद्रावातून प्रवाह सोडावयाचा, नंतर दोन्ही विद्युत् अग्रांजवळील विद्राव अलग काढून त्यांतील लवण किती घटले वा वाढले हे तपासावयाचे, आणि त्यावरून प्रवाहाचा किती वाटा धन आयनाने व किती ऋण आयनाने वाहिला ते ठरवावयाचे, अशी त्यांची रीत होती. दोन्ही वाट्यांची बेरीज अर्थातच एक. कॅडमियम आयोडाइडच्या संहत विद्रावात मात्र आयोडीनचा वाटा एकाहून अधिक आला. म्हणजे कॅडमियमचा शून्याहूनही कमी! हिटॉर्फ यांनी हा प्रयोगातील दोष मानला नाही. कॅडमियम आयोडीनशी जखडून ऋणभारित जटिल आयन बनतो व धनाग्राकडे ओढला जातो, हे त्यांचे स्पष्टीकरण होते. समकालीनांनी त्यांच्या कार्याचे स्वागत थंडपणेच केले.

पुढे आरेनियस यांचा वियोजन सिद्धान्त (१८८७) आला, डेबाय व ह्यूकेल यांचे गणित (१९२३) आले. पण हे यश मुख्यतः विरल विद्रावांचे होते. संहत विद्राव अवघड म्हणून मागे राहिले.

लिथियम-आयन विद्युत् घट १९९१ साली बाजारात आल्यावर त्यांकडे दुर्लक्ष करणे परवडेनासे झाले. या घटांतील द्रवात लिटरला सुमारे एक मोल लवण असते, आणि लिथियमचा वाटा साधारणतः ०.३ ते ०.४ एवढाच भरतो. उरलेला भार ऋण आयन वाहतो. पण विद्युत् अग्रांवर त्याचा उपयोग नसल्याने लवण एकीकडे साचते व दुसरीकडे आटते. घट जलद भारित करण्यात हीच एक अडचण आहे. १९८७ साली ब्रूस व व्हिन्सेंट यांनी दिलेली मापनरीत सोपी, म्हणून लोकप्रिय झाली. परंतु ती आदर्श, विरल विद्राव गृहीत धरते. बर्कली येथील जॉन न्यूमन यांच्या संहत विद्राव सिद्धान्तात असे गृहीत नाही. त्याच्या आधारे पॉलिएथिलीन ऑक्साइडमधील सोडियम लवणासाठी १९९५ साली आणि लिथियम लवणासाठी २०१७ साली ऋण अंक मिळाले.

येथे हिटॉर्फ यांचे जटिल आयन पुन्हा आठवले जाणे स्वाभाविक होते. पण ते स्पष्टीकरण जसेच्या तसे लावणे घाईचे ठरते. हा अंक विद्रावकाच्या सापेक्ष मोजला जातो, तर संगणकीय अनुकरणात गती वस्तुमानकेंद्राच्या सापेक्ष धरली जाते. उपसाला येथील अभ्यासकांनी २०२२ साली या दोन चौकटींचा मेळ घातला, तेव्हा बहुवारिकातील ऋण अंकाचे कारण आयनांचे पुंजके नसून ऋण आयनांचे वस्तुमान व त्यांच्या गतींचा परस्परसंबंध हे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.