जहागिरीचे धान्य, बाजारचे धान्य

इंदरगंजच्या चौकातून आपले रोजचे जाणे-येणे. पण त्या नावातल्या ‘गंज’ शब्दापाशी आपण क्वचितच थांबतो. हिंदीत गंज म्हणजे धान्याची पेठ. आपल्या घरी गंज म्हणजे आमटीचे पितळी पातेले. पेठेतल्या गंजातून चुलीवरच्या गंजात धान्य येते, हे आज उघड आहे. लश्करातल्या पुष्कळ जुन्या मराठी घरांना मात्र एकेकाळी पेठेची गरजच नव्हती.

१८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली आणि त्या छावणीचेच लश्कर शहर झाले. फौजेबरोबर सरदार, कारकून, पुरोहित आले. कुणाला जहागीर मिळाली, कुणाला इनाम. गावातून धान्य यायचे, बळद आणि कणग्या भरायच्या. त्याला आपण ‘घरचे धान्य’ म्हणत आलो. पण ते पिकवणारे हात घरचे नव्हते. नांगर धरणारे किरार, गुर्जर, कुशवाह, जाटव होते. सणाचे पुरण ज्या हरभऱ्याचे, तो त्यांनी पेरलेला होता.

त्यांची शेती पावसाच्या भरवशावर चाले. पावसाळ्यात ज्वारी-बाजरी; पाऊस सरला की जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर हरभरा, मोहरी आणि जमेल तिथे गहू. पाऊस चुकला की दोन्ही हंगाम हातचे जात. १८९९-१९०० चा दुष्काळ, म्हणजे संवत १९५६ चा ‘छप्पन्या’, मध्य हिंदुस्थानावर असाच कोसळला. १९०१ च्या खानेसुमारीत ग्वाल्हेर संस्थानाची वस्ती सुमारे २९ लाख ३३ हजार भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती कितीतरी लाखांनी घटली होती. त्या काळात कणगी कुणाची रिकामी झाली आणि कुणाची उरली, हा प्रश्न आपल्या घराण्यांच्या बखरींत सहसा विचारलेला नसतो.

माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत संस्थानाने पाण्याच्या कामांवर मोठा खर्च केला. सांक नदीवरचे तिघरा धरण १९१७ च्या पावसाळ्यात फुटले, कारण पायाच्या वालुकाश्मात पाणी शिरले. ते पुन्हा उभे राहिले आणि आज शहराची तहान भागवते. पार्वती नदीवरचे हरसीचे मातीचे धरण १९३५ साली पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी डबरा-भितरवारचा मुलूख पालटला; कोरडवाहू रानात धान उभे राहिले. आज आपल्या ताटातला भात पुष्कळदा तिथलाच असतो.

मग १९५१ साली मध्य भारताचा जहागीर निर्मूलन कायदा झाला आणि गावाकडून येणारे धान्य थांबले. त्या काळाच्या आठवणी घरोघर सांगतात त्या वाड्याच्या पडझडीच्या, मोडलेल्या दागिन्यांच्या. त्या खोट्या नाहीत. पण तोच कायदा कसणाऱ्याच्या बाजूने पाहिला, तर आपल्या घामाचा वाटा आपल्या घरात राहील, अशी आशा त्याला प्रथमच वाटली असेल. इतिहास सांगायचा तर दोन्ही बाजूंनी सांगायला हवा. पिशवी घेऊन दाल बाजारात उभे राहिल्यावरच धान्याला भाव असतो, हे आपल्याला कळले.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर अजून मोडीतले जमाखर्च असतील. दरवर्षी त्यांतले थोडे रद्दीत जातात. देण्यापूर्वी एकदा मोडी जाणणाऱ्याला दाखवा. त्यांत घराण्याचा मानमरातब शोधू नका; गावाचे नाव, पीक, किती मण आले आणि कुणाकडून आले, ते पाहा. कसणाऱ्याचे नाव सापडले, तर आधी ते उतरवून ठेवा. दीडशे वर्षे ज्यांचे अन्न खाल्ले, त्यांची नावे कदाचित आपल्याच वह्यांत उरली असतील.