‘फ्लाय’ या इंग्रजी क्रियापदाच्या अर्थच्छटा आणि सोलापूरचा इतिहास

इंग्रजीतील ‘फ्लाय’ या क्रियापदाला मराठीत ‘उडणे’ हा एकच प्रतिशब्द देऊन आपण मोकळे होतो. वास्तविक या शब्दाचा पसारा मोठा आहे. पक्षी ‘फ्लाय’ करतो, ध्वजही करतो. आणि जुन्या इंग्रजीत जीव वाचविण्यासाठी पळणारा माणूसही तेच करीत असे. ‘फ्लाय’ आणि ‘फ्ली’ ही मुळात दोन भिन्न क्रियापदे. पण त्यांची सरमिसळ फार पूर्वीच झाली आणि ‘फ्लाइट’ हे नाम तर आजही उड्डाण व पलायन या दोहोंसाठी वापरले जाते. मराठीने मात्र ही कामे उडणे, फडकणे आणि पळणे अशी वाटून दिली आहेत. आपल्याकडे रंग उडतो, झोप उडते, धांदल उडते. ध्वज मात्र उडत नाही.

सोलापूरच्या संदर्भात हा भेद केवळ कोशापुरता राहत नाही. ६ एप्रिल १९३० रोजी येथील नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. पुढे महिन्याभरातच, ५ मे रोजी, गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे हुतात्मा झाले; मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर जमाव चालून गेला, न्यायालयाची इमारत जळाली. त्यानंतरचे काही दिवस शहरात ब्रिटिश सत्ता जवळजवळ नव्हतीच. या काळाचे वर्णन करताना लेखकाला क्रियापद निवडावे लागते. पोलीस ‘पळाले’, की त्यांना ‘मागे घेण्यात आले’? पहिल्या शब्दात लोकांचा विजय आहे, दुसऱ्यात शासनाचा हिशोबीपणा. इंग्रजी साधनांतील एखाद्या शब्दाचे भाषांतर करताना आपण नकळत बाजू घेत असतो. स्थानिक गौरवाच्या लेखनात ‘पळाले’ सहज येते. प्रस्तुत लेखकाच्या मते, तो शब्द वापरण्यास हरकत नाही. मात्र तो आपला निष्कर्ष आहे, साधनाचा शब्द नव्हे, हे वाचकाला कळले पाहिजे.

१२ मे रोजी लष्करी अंमल आला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. या काळात राष्ट्रध्वज मिरविणे हा अपराध ठरला. म्हणजे ‘फ्लाय’चा जो अर्थ सर्वांत निरुपद्रवी वाटतो, तोच दंडनीय झाला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली, ती मात्र पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून.

या शहरात ‘फ्लाय’ आणखी एका वाटेने, मागावरून आला. जॉन के याने १७३३ मध्ये शोधलेले ‘फ्लाय शटल’ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापूरच्या हातमागांवर रुळले. पूर्वी विणकर एका हाताने धोटा टाकून दुसऱ्या हाताने झेलत असे, त्यामुळे कापडाचा पन्हा हातांच्या आवाक्याइतकाच राही. आता दोरीच्या एका हिसक्यासरशी धोटा या टोकाकडून त्या टोकाला जाऊ लागला. वेग वाढला आणि एकट्याने रुंद कापड विणणे शक्य झाले. मराठीने त्याला ‘धावता धोटा’ म्हटले. इंग्रजांना तो उडताना दिसला, आपल्याला धावताना. तो आडव्या वाटेवरून घसरत जातो हे पाहिले, तर आपला शब्द अधिक नेमका वाटतो. गिरण्यांत हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या तंतूंनाही इंग्रजीत ‘फ्लाय’ म्हणतात. कामगारांच्या छातीत जाणारा तो हाच.

उड्डाणाचा मूळ अर्थ सोलापूरला फार उशिरा लाभला. होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. त्या चिमणीवरून शहरात किती वाद झाले, हे सर्वश्रुत आहे. पुढे ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली. ती चालविणाऱ्या कंपनीचे नाव ‘फ्लाय ९१’. आणि ते मात्र कोणी मराठीत भाषांतरित केलेले नाही.