माशीचा क्षण

सफाळ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असतां आम्ही एका माशीवर वर्तमानपत्र उगारलें. तें खालीं येण्यापूर्वींच ती उडून गेली. तिचा क्षण आमच्या क्षणाहून मोठा तर नसेल?

देवांचा एक दिवस म्हणजे मनुष्याचें एक वर्ष, असें आमचीं पुराणें सांगतात. १८६० सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर या जीवशास्त्रज्ञानें तीच कल्पना उलट दिशेनें नेली: मनुष्याचें आयुष्य सहस्रपट आखूड व नाडी तितकीच जलद झाल्यास सुटलेली गोळीहि त्यास दिसेल.

कल्पनेस मोजमाप पुढें मिळालें. सेकंदास सुमारें ६० वेळां लुकलुकणारा दिवा मनुष्यास अखंड भासतो. माशीची मर्यादा सुमारें २५०, तर एका मोठ्या समुद्रकासवाची १५. देह जितका लहान व चयापचय जितका जलद, तितकी दृष्टि सामान्यतः चपळ, असें केव्हिन हीली प्रभृतींनीं २०१३ सालीं दाखविलें. १८९६ सालीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत दाखविलेलीं चलच्चित्रें माशीस सुटींसुटीं स्थिर चित्रेंच भासलीं असतीं!

डोळा जलद म्हणून मनासहि काल दीर्घ वाटतो, हें मात्र अद्याप सिद्ध नाहीं. तथापि ज्या क्षणास आम्ही साऱ्या सृष्टीच्या कालाचें माप समजतों, तो केवळ आमच्या डोळ्यांचा क्षण होय.