मोटारीचे इंजिन तापण्याची कारणे आणि उपाय

उन्हाळ्यात घाटमाथ्यावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी, हे देशभर आढळणारे दृश्य आहे. रेडिएटरमध्ये पाणी ओतावे आणि पुढे निघावे, हा त्यावरचा सर्वपरिचित उपाय. मात्र बंदिस्त शीतकरण यंत्रणेतील पाणी सहसा आपोआप संपत नाही. ते कमी झाले असेल तर कुठून तरी गळत आहे. आणि ते पुरेसे असूनही इंजिन तापत असेल, तर उष्णता बाहेर पडण्याच्या मार्गात कुठे तरी अडथळा आहे. म्हणूनच इंजिन नेमके केव्हा तापते, याकडे लक्ष दिल्यास दोषाचे मूळ शोधणे सोपे जाते.

यंत्रणेचे कार्य

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग कूलंटमार्फत बाहेर नेला जातो. वॉटर पंप हे द्रव सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरवतो. तापमान साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअस झाल्यावर थर्मोस्टॅटची झडप उघडते आणि द्रव रेडिएटरकडे जाऊन थंड होते. रेडिएटरचे झाकणही तितकेच महत्त्वाचे. अनेक मोटारींत ते वातावरणापेक्षा सुमारे एक बार अधिक दाब राखते. त्या दाबाखाली समुद्रसपाटीला पाण्याचा उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे १२० अंशांवर जातो. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९० अंशांच्या आतच उकळते. अशा ठिकाणी झाकणाचे रबर झिजलेले असल्यास एरवी निर्दोष असलेल्या इंजिनातील पाणीही उकळू शकते.

तातडीने काय करावे

तापमापकाचा काटा वर चढू लागताच वातानुकूलन बंद करावे. हीटर पूर्ण क्षमतेने सुरू केल्यास इंजिनातील काही उष्णता बाहेर पडते. काटा लाल पट्ट्यात गेल्यास किंवा लाल दिवा लागल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे. गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब एकाएकी उतरताच आतील पाण्याची वाफ होऊन ते उसळते व गंभीर भाजते. तप्त इंजिनावर थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचा धोका असतो. इंजिन बंद असतानाही विजेवरील पंखा अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे त्यापासून हात दूर ठेवावेत.

दोषाचे निदान

वाहतूक कोंडीत इंजिन तापते आणि वेग घेताच काटा खाली येतो, असे होत असेल तर प्रथम पंखा तपासावा. बहुतेक मोटारींत वातानुकूलन सुरू केल्यावर पंखा फिरू लागतो. तो फिरत नसल्यास फ्यूज, रिले, जोडणीच्या तारा आणि मोटर या क्रमाने तपासणी करावी.

वेगात किंवा चढावर इंजिन तापत असेल, तर रेडिएटरची क्षमता कमी झालेली असू शकते. बाहेरील पातळ पत्र्यांत धूळ, चिखल व कीटक अडकतात. आत क्षारांचा थर साचतो. बाहेरील भाग कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवावा. वॉटर पंप, त्याचा पट्टा आणि रबरी नळ्याही पाहाव्यात.

सुरू केल्यानंतर थोड्याच वेळात इंजिन तापले, पण रेडिएटर थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकल्याचा संशय घ्यावा. तो काढून तापमापीसह पाण्याच्या भांड्यात तापवल्यास झडप उघडते की नाही, हे दिसते.

बाहेर कुठेही गळती नसताना कूलंटची पातळी घटत असेल, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल किंवा इंजिन ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट निकामी झाल्याची शक्यता असते. अशा स्थितीत गाडी चालवू नये.

कूलंट फार कमी झाल्यास तापमानाचा सेन्सर द्रवाबाहेर राहतो आणि काटा खरे तापमान दाखवत नाही. त्यामुळे इंजिन तापलेले असताना हीटरमधून अचानक थंड हवा येऊ लागली, तर काटा काहीही दाखवत असला तरी थांबणे इष्ट.

दुरुस्ती आणि देखभाल

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला काही गॅरेजमध्ये आजही दिला जातो. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते. मूळ दोष मात्र तसाच राहतो. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलणे, हाच योग्य मार्ग होय.

विहीर किंवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी, उत्पादकाने सांगितलेले कूलंट आवश्यक प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळून वापरावे. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत. कूलंट भरल्यानंतर यंत्रणेत अडकलेली हवा काढणे आवश्यक असते. यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, परंतु विषारी असते. त्यामुळे सांडलेले द्रव मुले व जनावरे यांच्या संपर्कात येऊ देऊ नये.

झाकण, नळी, फ्यूज किंवा थर्मोस्टॅट यांचा खर्च तुलनेने अल्प असतो. तापलेल्या इंजिनावर काही किलोमीटर अंतर कापल्यास मात्र ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकू शकते आणि संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते. रस्त्यात पाणी भरून गाडी सुरू झाली, तरी त्याच दिवशी गळतीची तपासणी करून घेणे हिताचे ठरते.