ही पैठणी नेमकी कधीची?

मराठवाड्यात जुन्या वस्तूचं वय विचारलं की साधारण एकच उत्तर मिळतं: ‘निजामाच्या काळातली.’ तांब्याचा हंडा, दाराची कडी, कपाटातला शेला, सगळं निजामाच्या काळातलं. आमच्या पुंडलिकनगरमध्ये निजामाच्या काळात बहुधा शेतं असतील, पण इथल्या कपाटांमधल्या पैठण्यांना तो काळ हमखास चिकटलेला असतो. इन्स्टाग्रामवर ‘विंटेज पैठणी’ विकणारे त्याच्याही पुढे जातात. त्यांच्याकडे शंभर वर्षांपेक्षा तरुण साडीच नसते.

गंमत म्हणजे हा दावा तपासता येतो. आपलं शहर हैदराबाद संस्थानात होतं ते १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. म्हणजे प्रश्न अगदी सरळ आहे: ही साडी १९४८ च्या आधीची आहे की नंतरची?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला या सगळ्याचं सूत्र माझ्या भाषेत कळलं. एखाद्या अ‍ॅपमध्ये २०२३ साली आलेली लायब्ररी वापरली असेल, तर ते अ‍ॅप आज ज्या रूपात आहे त्या रूपात २०१९ चं असू शकत नाही. बाकीचा कोड कितीही जुना असू दे. कपड्याचंही तसंच. त्यातला सगळ्यात नवा घटक शोधायचा. कपडा त्याच्यापेक्षा जुना नसतो. पुरातत्त्ववाले उत्खननातल्या थराचं वय याच तर्काने काढतात. उलटा तर्क मात्र चालत नाही. जुना घटक सापडला म्हणजे कपडा जुना, असं नाही. हा दुसरा भाग विसरल्यामुळेच बहुतेक पैठण्या शंभरी गाठतात.

आता नक्षीचंच बघा. दुकानदार आधी पदरावरचा मोर दाखवतो, मग कमळ, मग अजिंठ्याचं नाव घेतो. बांगडीमोर, आसावली, मुनिया, नारळी काठ ही नावं ऐकायला छान आहेत आणि परंपराही खरी आहे. पण वय ठरवायला नक्षी हा सगळ्यात कच्चा साक्षीदार. पेशवाईत आवडलेली आसावलीची वेल येवल्यात गेल्या आठवड्यातही कुणीतरी विणली असेल. चांगली नक्षी पिढ्यान् पिढ्या कॉपी-पेस्ट होत राहते, म्हणून तर ती परंपरा.

विणकामाचंही थोडंफार तसंच. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तर मागेही जवळजवळ तीच नक्षी दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्यापुरत्या भागात फिरतो आणि शेजारच्या धाग्यात अडकून परततो. यंत्रावरच्या नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. ही परीक्षा उत्तम आहे, पण ती ‘हाताने विणली का?’ एवढंच सांगते. ‘कधी?’ हे सांगत नाही. पैठणला सरकारी केंद्र सुरू झालं ते १९७० च्या दशकात. तिथली साडीही हाताचीच, आणि निजाम तोवर कधीच गेलेला.

मग बोलतं कोण? जर.

जुनी जर म्हणजे चांदीची तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा. ती चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली. तांब्याची जर त्यानंतरची स्वस्त सोय, आणि प्लास्टिकवर धातूचा थर दिलेली चमकदार जर त्याहून नवी. अशा धातूच्या झळाळीच्या कृत्रिम धाग्याचा लुरेक्स हा ब्रँड अमेरिकेत १९४६ साली बाजारात आला. तेव्हा मूळ काठपदरात तशी जर निघाली, तर निजामाचा विषय तिथेच संपला. ओळखायला फार काही लागत नाही. चांदीची जर वर्षानुवर्षं पेटीत राहून काळवंडते, तांब्याची हिरवट किंवा लालसर पडते, प्लास्टिकची पन्नास वर्षांनीही नव्या नवरीसारखी चमकते. पदर हातावर घेतला की वजनही कळतं. सुटलेलं एखादं टोक भिंगाखाली उलगडलं तर आतला धागा दिसतो. तो नायलॉनचा असेल तर पुन्हा नंतरचाच काळ, कारण नायलॉन जगाला माहीत झालं तेच १९३८ मध्ये.

रंग हा यापेक्षा अवघड साक्षीदार. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनीन बनवायला गेला आणि जांभळा रंग घेऊन बाहेर आला. तो व्यापारात यशस्वी झालेला पहिला कृत्रिम रंग. तीनच वर्षांत मॅजेंटा आला, म्हणजे आपला राणी कलर. कृत्रिम नीळ बाजारात यायला १८९७ उजाडलं. त्यामुळे भडक राणी रंगाची ‘पेशवेकालीन’ पैठणी दिसली की भुवया उंचवायला हरकत नाही. पण लाखेपासून आणि करडईच्या फुलांपासून निघणारे गुलाबी-लाल रंगही आपल्याकडे होतेच. नुसत्या डोळ्यांनी निकाल देऊ नये. खात्री हवी तर एक धागा प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

आपल्या शहराचं स्वतःचं कापड म्हणजे हिमरू. त्याच्या बाबतीत तर दावे थेट औरंगजेबापर्यंत जातात. हिमरूत उभे धागे सुती आणि नक्षीचे आडवे धागे रेशमी. नक्षी नसते तिथे ते धागे मागे मोकळे राहतात, म्हणजे पैठणीच्या अगदी उलट. हिमरूची मागची बाजू पाहून कुणी ‘नकली’ म्हणू नये. पुढे रेशमाच्या जागी कृत्रिम रेशीम, म्हणजे रेयॉन आलं. आतल्या शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून जाळा. (बाथरूममध्ये, पाण्याची बादली शेजारी ठेवून, आणि घरातल्यांना विचारून.) केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. कागद जळल्यासारखा आला तर सूत किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. रेयॉनच्या व्हिस्कोस प्रक्रियेचं पेटंट १८९२ चं आहे आणि औरंगजेब वारला १७०७ मध्ये. हिशेब तुम्हीच करा.

आणि मग अक्षरं. लेबल, शिक्का, पावती, पेटीच्या तळाला घातलेला कागद. आणे लिहिले असतील तर तो भाव १९५७ च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं, कारण पिनकोड सुरूच झाला त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला. हैदराबाद संस्थान, मग हैदराबाद राज्य, १९५६ पासून मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र: आपल्या जिल्ह्याचा पत्ता इतक्या वेळा बदलला की तारखा लावणाऱ्याला आयतीच शिडी मिळते. ज्यांना जुन्या एचएमटी घड्याळांचा नाद आहे त्यांनाही हेच लागू. आतलं यंत्र जुनं आणि डायल काल रंगवलेली, असं घड्याळ बाजारात भरपूर आहे.

हे सगळं मी शिकलो त्याला कारण चांदी. २०२५ मध्ये चांदी किलोमागे लाखाच्या पार गेली आणि जुनी जर घेणारे पुन्हा दिसू लागले. पूर्वी बोहारणी जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी द्यायच्या. जरीच्या साडीवर मोठं पातेलं मिळायचं. आता मोबाईलवर फोटो मागवतात. साडी घेतात, जाळतात, राखेतून चांदी काढतात. आमच्या काकूने पणजीच्या पैठणीचा फोटो पाठवला होता. भावही आला होता. घरात मतभेद सुरू झाले तेव्हा मी ती साडी दोन दिवस मागून घेतली.

काठ आणि पदर काळवंडलेले, जड. सुटलेल्या टोकात चांदीखाली पिवळट रेशीम. मागची बाजू स्वच्छ. इथपर्यंत ‘निजामाच्या काळातली’ हे म्हणणं टिकत होतं. पण अस्सल पैठणीत काठ आणि अंग मागावरच एकमेकांत गुंतवलेले असतात. मधे सुई येत नाही. इथे काठाच्या आतल्या कडेने बोट फिरवलं की बारीक टाके लागत होते. मशीनचे, अगदी सरळ. अंगाचा एक धागा जाळला तर वास कागदाचा. आणि निऱ्यांच्या आत जाणाऱ्या टोकाला गिरणीचा पुसट शिक्का होता, त्यातलं एकच अक्षरचिन्ह नीट वाचता आलं: ‘मी.’ वार नाही, मीटर. मापं दशमान करण्याचा कायदा १९५६ चा. गिरण्यांच्या शिक्क्यावर मीटर आलं ते त्यानंतर. म्हणजे काठपदर जुना, अंग नवं.

आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला शिक्का दाखवला तर तिने चष्मासुद्धा शोधला नाही. “बहात्तरला केली की ती,” म्हणाली. मराठवाड्यातली माणसं तारखा अशाच सांगतात: रझाकाराच्या आधी, पोलीस ॲक्शनच्या वर्षी, बहात्तरच्या दुष्काळात. अंबड तालुक्यात तेव्हा घरचे सगळे खडी फोडायच्या कामावर होते, पोटाला सुकडी आणि मिलो. त्यात आजीच्या नणंदेचं लग्न ठरलेलं. सासूबाईंची पैठणी, ‘रझाकाराच्या आधी’ घेतलेली, घड्यांवर फाटून गेली होती. नवी घेणं शक्यच नव्हतं. आजीने काठ आणि पदर उसवून काढले, जालन्याहून आर्ट सिल्क आणवलं आणि शेजारणीच्या मशीनवर तीन रात्री बसून जोडले. टाके खाली सुटू नयेत म्हणून जरीजवळ हाताने दुहेरी दोरा घातला, तोही दाखवला तिने. मला तो दुरुस्तीचा दोरा वाटला नव्हता, इतका तो काठात मिसळला आहे.

आमच्या घरात त्या पिढीतल्या बायकांच्या नावावर कागद एकही नाही. सातबारा आजोबांचा, रेशनकार्ड आजोबांचं, मजुरीच्या हजेरीपटावरची नावं कुठल्याशा कचेरीत गेली. त्या दुष्काळात आजीने केलेल्या कामाचा पुरावा म्हणून उरलंय ते हे टाके. जर घेणारा भाव करताना अंग बाजूला काढून फक्त काठपदर तोलणार होता.

काकूने आता तो विषय बंद केला आहे. मी साडीवर चिठ्ठी शिवायची ठरवली. टाचणी नको, गंजते. सुती कापडात गुंडाळायची, डांबरगोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत, आणि दर काही महिन्यांनी घड्या बदलायच्या, म्हणजे रेशीम त्याच रेषेवर फाटत नाही. चिठ्ठीवर मी ‘पैठणी, अंदाजे १९४५’ लिहायला घेतलं तर आजीने थांबवलं. “काठ सासूबाईंचे लिही. अंग बहात्तरचं लिही. आणि मशीन शेजारणीची होती, तेपण लिही.”

आत्याआजी जालन्याला असते. तिच्या लग्नाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो तिथे भिंतीवर आहे आणि त्यात हा पदर समोरून दिसतो, असं आजी म्हणते. येत्या रविवारी फ्रेममधून काढून त्याचा नीट फोटो घ्यायचा आहे. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही.