ओसाड रुग्णालयांची छायाचित्रे : पडझडीमागची माणसे

रंगाचे पापुद्रे सुटलेल्या भिंती, फुटक्या तावदानांतून आत येणारा तिरपा उजेड, लांबच लांब रिकामा व्हरांडा आणि त्याच्या मधोमध एक चाकांची खुर्ची. बंद पडलेल्या रुग्णालयांच्या छायाचित्रांत हे दृश्य इतक्या वेळा येते की, त्यातले अमेरिकेतले कोणते आणि जर्मनीतले कोणते, हे सांगितल्यावाचून कळत नाही. ओसाड वास्तूंचे छायाचित्रण ही गेल्या काही दशकांत छायाचित्रकलेची एक स्वतंत्र शाखाच होऊन बसली आहे. कारखाने, रेल्वे स्थानके, नाट्यगृहे, शाळा असे तिचे अनेक विषय असले तरी छायाचित्रकारांना विशेष ओढ असते ती रुग्णालयांची आणि त्यातही मनोरुग्णालयांची. या वास्तू उभ्या का राहिल्या, ओस का पडल्या आणि त्यांच्या छायाचित्रांनी नेमके काय साधले, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

जुने आकर्षण, नवे साधन

भग्नावशेषांचे आकर्षण कॅमेऱ्याच्याही आधीचे आहे. अठराव्या शतकात पिरानेसी या इटालियन कलावंताने रोमच्या अवशेषांची कोरीव मुद्राचित्रे काढली आणि ती युरोपभर गाजली. फ्रेंच चित्रकार ह्यूबेर रोबेर याने तर १७९६ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाचे भव्य दालन भविष्यात कोसळल्यावर कसे दिसेल, याचे कल्पनाचित्र रंगवले. मात्र या चित्रांतले अवशेष एक तर प्राचीन होते किंवा काल्पनिक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील छायाचित्रांचे वेगळेपण असे की, त्यांतील वास्तू कालपरवापर्यंत वापरात होत्या. तेथे राहिलेली आणि काम केलेली माणसे हयात होती. प्राचीन अवशेष पाहताना मनात येणारी उदात्त उदासी येथे पुरेशी पडत नाही, कारण या पडझडीला कोणी तरी घेतलेले निर्णय कारणीभूत असतात.

उजेडासाठी बांधलेल्या इमारती

अमेरिकेतील मनोरुग्णालयांच्या छायाचित्रांत ज्या प्रचंड इमारती दिसतात, त्यांतील अनेकींचे मूळ थॉमस स्टोरी किर्कब्राइड या फिलाडेल्फियाच्या वैद्यांच्या विचारांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोरुग्णांना तुरुंगात किंवा अनाथगृहांत डांबले जाई. डोरोथिया डिक्स यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि एकेक राज्य स्वतंत्र रुग्णालय बांधू लागले. किर्कब्राइड यांनी १८५४ मध्ये अशा रुग्णालयांच्या बांधणीवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते वास्तू हीच उपचाराचे साधन होती. मध्यभागी प्रशासनाची इमारत आणि तिच्या दोन्ही बाजूंना टप्प्याटप्प्याने मागे सरकत गेलेले कक्ष, अशी त्यांची रचना होती. प्रत्येक कक्षाला खेळती हवा आणि भरपूर सूर्यप्रकाश मिळावा, हा त्यामागील हेतू. भोवती शेती, बागा आणि झाडी.

छायाचित्रकाराला आज मोहविणारा तो तिरपा उजेड हा योगायोग नव्हे. रुग्णाला बरे वाटावे म्हणून कोणी तरी त्या खिडक्या मुद्दाम तेथे ठेवल्या होत्या. ही गोष्ट ठाऊक असेल तर त्याच छायाचित्राचा अर्थ पालटतो.

किर्कब्राइड यांनी एका रुग्णालयात सुमारे २५० रुग्ण असावेत, असे सुचविले होते. प्रत्यक्षात ही मर्यादा पाळली गेली नाही. मॅसॅच्युसेट्समधील डॅनव्हर्स येथील रुग्णालय १८७८ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते सुमारे ५०० रुग्णांसाठी होते. पुढे तेथील रुग्णसंख्या दोन हजारांच्या वर गेली. वृद्ध, अपस्मारी, मतिमंद, निराधार अशा सर्वांनाच समाजाने या दारांतून आत लोटले. उपचारगृहांची कोठारे झाली.

ओस पडण्याची कारणे

१९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. १९९० च्या दशकात ही संख्या एक लाखाच्याही खाली आली. यामागे अनेक कारणे एकत्र आली. क्लोरप्रोमाझिन हे औषध १९५४ पासून अमेरिकेत उपलब्ध झाले आणि अनेक रुग्णांची तीव्र लक्षणे आटोक्यात येऊ लागली. रुग्णालयांतील अमानुष स्थितीबद्दल वृत्तपत्रांनी आवाज उठवला. अध्यक्ष केनेडी यांनी १९६३ मध्ये सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मोठी रुग्णालये मोडून रुग्णाला त्याच्या गावाजवळच उपचार द्यावेत, ही त्यामागील कल्पना. रुग्णालये रिकामी झाली, परंतु संकल्पित केंद्रांपैकी पुष्कळशी कधी उभीच राहिली नाहीत. परिणामी अनेक रुग्ण रस्त्यावर किंवा तुरुंगात पोहोचले. म्हणजे ज्या स्थितीतून डोरोथिया डिक्स यांनी त्यांना बाहेर काढण्याची खटपट केली, तेथेच ते परतले.

सत्तर संस्थांचा प्रवास

या वास्तूंचे सर्वांत नेटके चित्रण ख्रिस्तोफर पेन या छायाचित्रकाराने केले. मूळचे वास्तुविशारद असलेल्या पेन यांनी २००२ ते २००८ या काळात ३० राज्यांतील ७० संस्थांना भेटी दिल्या. २००९ मध्ये त्यांचे ‘असायलम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला प्रस्तावनेदाखल लेख लिहिला तो विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी. अशी रुग्णालये केवळ छळाची ठिकाणे नव्हती, तेथे अनेकांना आसरा आणि हाताला कामही मिळत असे, याची आठवण सॅक्स यांनी करून दिली.

पेन यांच्या छायाचित्रांत भुताटकीचा आव नाही. शेती, गोठे, भट्ट्या, शिवणखाने, नाटकाचे रंगमंच आणि स्मशानभूमीसुद्धा आपल्या आवारात बाळगणारी एक स्वयंपूर्ण वसाहत कशी चालत असे, ते त्यांतून दिसते. न्यूयॉर्क राज्यातील हडसन रिव्हर रुग्णालयात टिपलेले एक छायाचित्र विशेष बोलके आहे. एका कपाटात रुग्णांचे दात घासण्याचे रंगीबेरंगी ब्रश ओळीने टांगलेले आहेत. कोसळलेल्या छताच्या दहा छायाचित्रांनी जे सांगता येणार नाही, ते हे एक कपाट सांगून जाते.

छायाचित्रांमुळे वाचलेले रुग्णालय

न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात एक कोटी वीस लाखांहून अधिक स्थलांतरितांची तपासणी झाली. त्यांपैकी आजारी माणसांसाठी बेटाच्या दक्षिण भागात रुग्णालय होते. मुख्य इमारत संग्रहालय म्हणून १९९० मध्ये खुली झाली, तरी हा दक्षिण भाग वेलींच्या आणि ओलीच्या स्वाधीन होता. छायाचित्रकार स्टीफन विल्क्स १९९८ मध्ये तेथे एका नियतकालिकासाठी गेले आणि पुढील पाच वर्षे पुनःपुन्हा जात राहिले. कृत्रिम प्रकाश न वापरता त्यांनी ती दालने टिपली. ही छायाचित्रे लोकप्रतिनिधींपुढे मांडली गेली आणि इमारती सावरण्यासाठी साठ लाख डॉलरचा निधी मंजूर होण्यास त्यांची मदत झाली. २०१४ पासून शिरस्त्राण घालून पर्यटकांना तेथे फिरता येऊ लागले.

सर्वच वास्तूंच्या नशिबी हे नव्हते. डॅनव्हर्सचा बहुतांश भाग २००६-०७ मध्ये पाडून तेथे सदनिका उभारल्या गेल्या. न्यू जर्सीतील ग्रेस्टोनची इमारत रहिवाशांचा विरोध असतानाही २०१५ मध्ये जमीनदोस्त झाली. बफेलो येथील, एच. एच. रिचर्डसन यांनी आखलेल्या रुग्णालयाच्या एका भागात मात्र २०१७ मध्ये हॉटेल सुरू झाले.

बॅगा आणि तांब्याचे डबे

इमारतीपेक्षा तिच्यातील वस्तूंकडे कॅमेरा वळला, तेव्हा या छायाचित्रणाने आपली खरी उंची गाठली. न्यूयॉर्क राज्यातील विलार्ड मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद झाले. त्या वेळी माळ्यावर रुग्णांच्या चारशेच्या आसपास बॅगा सापडल्या. रुग्णालयात दाखल होताना आणलेल्या आणि पुन्हा कधीच हाती न आलेल्या या बॅगांत कपडे, पत्रे, फोटो, शिवणाचे साहित्य होते. राज्याच्या संग्रहालयाने त्या जपल्या. जॉन क्रिस्पिन यांनी २०११ पासून एकेक बॅग उघडून तिची छायाचित्रे घेतली. गोपनीयतेच्या नियमांमुळे रुग्णांची पूर्ण नावे मात्र देता आली नाहीत. याच रुग्णालयाच्या स्मशानभूमीत पाच हजारांहून अधिक माणसे पुरलेली आहेत आणि त्यांच्या कबरींवरही नावांऐवजी क्रमांकच घातले गेले होते.

ऑरेगन राज्यातील रुग्णालयाची कथा याहून विलक्षण आहे. दहन केलेल्या, परंतु कोणीही न नेलेल्या साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांच्या अस्थी तेथे तांब्याच्या डब्यांत पडून होत्या. मध्यंतरी पाण्यात राहिल्याने तांब्यावर रासायनिक क्रिया होऊन निळ्या-हिरव्या रंगांची अद्भुत नक्षी उमटली होती. डेव्हिड मायझेल यांनी हे डबे टिपले आणि २००८ मध्ये ते ‘लायब्ररी ऑफ डस्ट’ या पुस्तकातून जगापुढे आले. त्याआधी ‘द ऑरेगोनियन’ या दैनिकाने या रुग्णालयाच्या दुरवस्थेवर अग्रलेखांची मालिका लिहून २००६ चे पुलित्झर पारितोषिक मिळवले होते. पुढे राज्याने मृतांची नावे जाहीर केली आणि २०१४ मध्ये स्मारक उभे राहिले. वारसांना आपल्या आप्तांच्या अस्थी मिळू लागल्या. क्रमांकाच्या जागी नाव आले.

आक्षेप

या छायाचित्रणावर टीकाही झाली आणि ती अस्थानी नाही. डेट्रॉइट शहराच्या भग्न इमारतींची दोन भव्य पुस्तके २०१० मध्ये आली, एक इव्ह मार्शां व रोमँ मेफ्र या फ्रेंच जोडीचे आणि दुसरे अँड्र्यू मूर यांचे. त्या शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, ती २०१० मध्ये सात लाखांवर आली हे खरे. परंतु राहिलेली सात लाख माणसे या चित्रांत जवळजवळ कोठेच नाहीत, असा स्थानिकांचा आक्षेप होता. दुसऱ्याच्या विपत्तीचा हा चवीने घेतलेला आस्वाद आहे, असेही म्हटले गेले. पडझडीचे प्रतीक ठरलेले तेथील मिशिगन सेंट्रल स्थानक १९८८ मध्ये बंद झाले होते. फोर्ड कंपनीने ते २०१८ मध्ये घेतले आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. ‘मृत’ म्हणून जगभर पोहोचलेली वास्तू मृत नव्हती.

दुसरा आक्षेप सत्यतेचा. चेर्नोबिल दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये रिकाम्या केलेल्या प्रिप्यात शहरात बाहुल्या आणि वायुरोधक मुखवटे भेट देणाऱ्यांनीच आकर्षकपणे मांडून ठेवल्याचे आढळते. खिडकीपाशी एकाकी उभी असलेली चाकांची खुर्चीही कोणी तरी तेथे ढकलत आणलेली असू शकते. शिवाय अशा जागी विनापरवाना शिरणे बेकायदा तर आहेच, पण कुजलेले तक्ते, अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिसेयुक्त रंग यांमुळे जिवावर बेतणारेही आहे.

म्हणूनच असे छायाचित्र समोर आले की, काही साधे प्रश्न विचारावेत. ही वास्तू कोठली, कधी आणि कोणाच्या निर्णयाने बंद झाली, आतली माणसे कोठे गेली, त्यांची कागदपत्रे कोणाकडे आहेत? छायाचित्राखाली या प्रश्नांची उत्तरे असतील तर तो दस्तऐवज होय. नसतील तर उरते ती फक्त सुंदर बुरशी. भिंती सावरण्यासाठी पैसा लागतो आणि तो प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही, परंतु नावे नोंदवून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. ऑरेगनमधील डब्यांनी जगाला दाखवून दिले ते हेच.