विलयन : चित्रपटातील एका चिन्हाचा अर्थविकास

एक दृश्य विरत असता त्यातूनच दुसरे उमटते, यास संकलक ‘डिझॉल्व्ह’ म्हणतात. ‘मध्यंतरी काळ लोटला’ हा त्याचा स्वाभाविकच अर्थ होय, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जॉर्ज मेलिएस याने १८९९ च्या ‘सांद्रियाँ’ या चित्रपटात डिझॉल्व्ह योजला, तो केवळ एका देखाव्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी. कालावधीचा संकेत पुढे हॉलिवूडच्या बोलपटांत रूढ झाला. १९६० मध्ये गोदारने ‘आ बू द सूफ्ल’ मध्ये विलयनाची वाट न पाहता सरळ तोडीने काळ ओलांडला आणि प्रेक्षकांस तेही उमगले.

साधन मात्र चिवट ठरले. सोळा मिलिमीटरच्या कामात दृश्ये ‘ए’ व ‘बी’ रिळांवर आळीपाळीने लावून सांध्यापाशी त्यांची टोके एकमेकांवर आणीत. १९९१ च्या ‘ॲडोबी प्रीमिअर’च्या आरंभीच्या आवृत्त्यांतही ‘ए’ व ‘बी’ अशाच पट्ट्या होत्या. रिळे गेली, नावे उरली.

सारांश, रूप टिकले म्हणून अर्थ टिकतोच असे नाही. १८९९ चे विलयन आजच्या संकेताने वाचणे म्हणजे जुन्या शब्दावर नवा अर्थ लादणेच होय.